त्रेपन्न

सेल म्हटलं की वेंगुर्ल्यात लोक
बॅटरीतला समजतात, नाहीतर सूट मिळते तो.
मी हल्ली समजावत बसत नाही.
पारदर्शक कागद, पुढून शाईची रेघ, मागून रंग,
पडद्यावर एका सेकंदाला असे चोवीस,
एवढं सांगेपर्यंत समोरच्याचा चहा संपलेला असतो.

माझं पोट काजूवर.
कारखान्यात गर निवडतो: दोनशे चाळीस, तीनशे वीस,
पाकळी, तुकडा, कणी.
तीस वर्षं बोटंच सांगतायत
कोण अख्खा, कोण फुटका.
घरच्या पत्र्याच्या डब्यांत मात्र
फुटक्याला जास्त जपतो.

कारण इथली हवा रंगाची वैरी.
आषाढात निळ्याला पोपडे धरतात,
कागद आतून आंबतो,
कपाट उघडलं की व्हिनेगरचा भपकारा.
बायको म्हणते, आगळ नासलं का बघा.
मी बघतो. आगळ ठणठणीत असतं.
मग औषधांच्या बाटल्यांतल्या, बुटांच्या खोक्यांतल्या
‘खाऊ नये’ लिहिलेल्या पुड्या
गावभर मागत फिरतो.
भंगारवाला हुसेनमियाँ त्या माझ्यासाठी वेगळ्या काढतो.
पहिला गठ्ठा त्याचाच,
रद्दीच्या भावाने,
ओला म्हणून किलोमागे रुपया कमी.

गठ्ठ्यात एक खंड्या.
अल्पबचतीची कसलीशी फिल्म असावी,
पंखाखाली पोस्टाचं पासबुक.
सत्तेचाळीस ते एकसष्ट: फांदीवरून थेट पाण्यात.
त्रेपन्न नव्हता.
बावन्नला डोळा उघडा, चोपन्नला उघडा,
मधे काय झालं ते कुणालाच विचारता येईना.
बघणाऱ्याला कळलंही नसतं.
मला अकरा वर्षं कळत होतं.

सुतळीला पुठ्ठ्याची चिठ्ठी होती:
क. आरोसकर, निळा.
एवढ्यावरून माणूस सापडायला अकरा वर्षं,
आणि सापडला तो उभादांड्याला,
माझ्या घरापासून सायकलने वीस मिनिटं.

“मी फकत निळो भरी,” कमलिनीबाई म्हणाल्या.
“चोच दुसऱ्याची, डोळो तिसऱ्याचो.
पिक्चर बघूक कधी गावलो नाय.”
मुंबईतला स्टुडिओ बुडाला तेव्हा
शेवटच्या पगाराच्या जागी हे गठ्ठे मिळाले.
त्यांनी गावी आणून सोड्याच्या पाण्यात घासले.
दोण निळी, पाट निळा,
दोन दिवस माडाच्या मुळाशी निळं.
पोरांच्या पुस्तकांना कव्हरं झाली,
कोंबड्यांच्या खुराड्याला खिडकी.
हात दुखले तिथे थांबल्या.
उरलेलं भंगारात, म्हणजे माझ्याकडे.

घरी कोण कोण असतं, विचारलं मी, उगाच.
त्या उठल्या आणि रेशनकार्डच घेऊन आल्या.
कार्डाला कव्हर. कव्हराच्या कोपऱ्यात
बारीक काळे आकडे.
पाच. तीन.

खंड्या नव्हता. तो कधीच पाटाने गेलेला.
पण उजेडाकडे तिरकं धरलं
तर ओरखड्याइतकी एक रेघ,
धनुष्यासारखी, खाली वाकलेली:
मिटलेली पापणी.
पाण्यात शिरताना डोळे मिटावे लागतात
हे काढणाऱ्याला ठाऊक होतं.

पैसे देतो म्हणालो.
“आणि कार्ड खंय ठेवू?”
मी काजूची कोरी पिशवी पुढे केली.
त्यांनी ती वास घेऊन बाजूला ठेवली.

मग पिशवीतून बावन्न काढला, चोपन्न काढला,
मधे रेशनकार्ड, कव्हरासकट,
आणि खळ्यातच चाळवू लागलो.
डोळा उघडा.
कुटुंबातील व्यक्ती चार, त्यातली दोन नावं
लाल शाईने काट मारलेली.
डोळा उघडा.
पुन्हा. पुन्हा.

कमलिनीबाई मान तिरकी करून बघत होत्या,
निळ्याकडे नाही, मधल्याकडे.
“हळू होता तुझा,” त्या म्हणाल्या.
“एका सेकंदात चोवीस.
हाड हकडे.”